हात लावणाऱ्या पोरांची स्तुती

वसई तालुक्यातल्या शाळकरी पोरांइतकं कॉम्प्युटरच्या बाबतीत मूर्ख कुणी नसेल, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यांच्या या मूर्खपणाचं जाहीर कौतुक व्हावं म्हणून हा लेख लिहीत आहे. शहाण्यांचं कौतुक आजवर पुष्कळ झालं. शाळेत कॉम्प्युटर आले त्या दिवशी फीत कापणाऱ्यांचं झालं, देणगी देणाऱ्यांचं झालं, ज्यांच्या स्मरणार्थ खोलीवर पाटी लागली त्यांचंही झालं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या पोरांबद्दल मात्र वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकू येतं, "यांच्या हातात काही देण्याची सोय नाही." माझं म्हणणं असं की यांच्याच हातात द्यावं, आणि ही पोरं मूर्ख आहेत म्हणूनच द्यावं.

त्यांचा मूर्खपणा कसला, ते आधी सांगतो. हात लावू नका म्हटलं की ती हात लावतात. एका मशीनवर चौघं बसतात. सांगितलेलं बटण सोडून शेजारचं दाबतात. मशीन हँग झालं की भेदरून गप्प राहण्याऐवजी आरडाओरडा करून अर्धा वर्ग गोळा करतात. सरांची पाठ वळली की एक्सेल खाली जातं आणि पेंट वर येतं. प्रात्यक्षिकाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या पायऱ्या ती पाहत नाहीत, शेजारचा काय करतो ते पाहतात. आणि तास संपल्याची घंटा झाली की शटडाउन न करता पळतात.

याच्या उलट शहाणपण पाहायचं असेल तर पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेची खोली डोळ्यांसमोर आणा. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा खोल्या आगाशीपासून नायगावपर्यंत सापडतील. लाकडी दरवाजा, त्याच्या आत लोखंडी जाळीचा दरवाजा, दोन्हींना वेगळी कुलपं. चपला बाहेर. मॉनिटरवर शिवणाच्या बाईंकडून शिवून घेतलेली फुलाफुलांची कव्हरं. सीपीयूखाली विटा, कारण पावसात पाणी आत येतं. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा विटा किती उंच लावाव्यात याचा धडा सगळ्यांनाच मिळाला. भिंतीवर नियमांचा तक्ता, आणि त्यातला पहिला नियम, शिक्षकांच्या परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये. चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मुख्याध्यापक बैठकीला पालघरला गेले की तो तास फळ्यावर होतो. इनपुट म्हणजे काय, आउटपुट म्हणजे काय, माऊसची आकृती काढून भागांना नावं द्या.

या नियमांमागची काळजी खरी आहे. ही मशीन कुणाच्या तरी घामाच्या पैशातून आलेली असतात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलेली असते, आखातात नोकरी करणाऱ्या कुणीतरी आईच्या नावानं दोन मशीन दिलेली असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेनं सुटे भाग गंजतात, वीज जाते-येते, दुरुस्तीला माणूस वसई रोडहून बोलवावा लागतो आणि त्याचं बिल शाळेनं कुठून भरायचं हे कोणत्याच योजनेत लिहिलेलं नसतं. पोरांनी काही बिघडवलं तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. कुलूप लावणारा माणूस वाईट नसतो, त्याला जबाबदार धरलेलं असतं. पण त्याच्या शहाणपणाचा परिणाम काय होतो हेही पाहायला हवं. वर्षाअखेरीस मशीन नवीकोरी असतात, आणि पोरांना ती येत नाहीत.

हे शहाणपण फार जुनं आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर देशभरातल्या निवडक शाळांत पोचले. पुढे महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल ही कंपनी आली, एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर परीक्षेचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि सरकारी कर्मचाऱ्यांना ती परीक्षा सक्तीची झाली. उत्तीर्ण झालं नाही तर वेतनवाढ अडायची. पन्नाशीतल्या गुरुजींनी बोट थरथरत असताना माऊस धरायला शिकून ती परीक्षा दिली. ज्याच्या आयुष्यात कॉम्प्युटर असा वेतनवाढीच्या वाटेवर उभा राहून आला, त्याला त्या यंत्राची धास्ती वाटणारच, आणि वर्गात गेल्यावर तो तीच धास्ती शिकवणार. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी अॅट स्कूल्स' योजना आली. महाराष्ट्रात तिची पद्धत अशी होती की कंपनीनं शाळेत मशीन बसवायची, शिकवणारा माणूस द्यायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेच्या हवाली करायचं. पाच वर्षं संपली तशी शिकवणाऱ्यांची कंत्राटंही संपली. ती माणसं नोकरीसाठी आंदोलनं करत राहिली आणि मशीन कव्हरखाली गेली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव वर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आले, शाळा 'डिजिटल' झाल्या. दर वेळी मोजणी झाली ती यंत्रांची. त्या यंत्राला हात लावताना पोरांना काय वाटतं, भीती, हौस की कंटाळा, हे विचारायला रकाना नव्हता.

आता मूर्खांकडे वळतो. त्याच पश्चिम पट्ट्यातल्या आणखी एका शाळेत, जिथे जाळीचा दरवाजा मोडला होता आणि दुरुस्त व्हायचा राहिला होता, सातवीतली चार पोरं एका मशीनपुढं पाहिली. दोन बंद पडलेल्या मशीनचे भाग जोडून ते एक चालू केलेलं होतं. कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली होती, 'ए' आणि 'एस' कुठले ते पोरांनी पांढऱ्या शाईनं लिहिलं होतं. पेंट उघडलेलं. केळीचं झाड काढायचं होतं. एकानं माऊस धरून पानाची बाहेरची रेघ काढली, शिर काढली, खोड काढलं. मग रंगाची बादली निवडली, हिरवा घेतला आणि पानात ओतला. सगळा पडदा हिरवा झाला. आकाश हिरवं, जमीन हिरवी, झाड कुठे आहे ते दिसेना. चौघंही खिदळायला लागली. सर लांबून म्हणाले, "चुकलं ना? पुसा आणि परत काढा." पोरांनी ऐकलं नाही. कंट्रोल झेड दाबून पडदा पुन्हा पांढरा केला, भिंगाचं चित्र दाबून झाड मोठं केलं आणि रेघेवरून इंच इंच सरकत शोधायला लागली. "इथं नाही. खाली ये. अजून खाली. थांब, थांब, मागं घे!" पान खोडाला जिथं मिळतं तिथं रेघेत एका ठिपक्याची फट होती. रंग तिथून सांडला होता. त्यांनी तो एक ठिपका भरला, भिंग काढलं, बादली ओतली. पान हिरवं झालं आणि आकाश पांढरं राहिलं. मग त्यांनी जो जल्लोष केला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या.

सरांचं ऐकून पुसलं असतं तर दुसरं झाड कदाचित बरं आलंही असतं. पण रंग का सांडला हे त्यांना कधी कळलं नसतं. सीमोर पेपर्ट नावाच्या गणितज्ञानं आपल्या आयुष्याचा मोठा भाग याच एका गोष्टीमागं घालवला. १९६७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. तिच्यात मूल एका कासवाला आज्ञा देतं, पुढं जा, उजवीकडं वळ, आणि कासव रेघ काढत जातं. चौकोन काढायचा असताना भलतंच काही निघालं तर मुलानं आपली आज्ञा कुठं चुकली ते शोधायचं. १९८० च्या आपल्या पुस्तकात पेपर्टनं मांडलं ते थोडक्यात असं की शाळा मुलाला बरोबर की चूक एवढंच विचारायला शिकवते, कॉम्प्युटर त्याला चूक कुठं आहे आणि ती कशी दुरुस्त होईल हे विचारायला लावू शकतो. लोगो आपल्याही कित्येक शाळांत शिकवली गेली. बऱ्याच ठिकाणी ती फळ्यावर शिकवली गेली. 'एफडी म्हणजे फॉरवर्ड' हे पाठ करून पोरांनी गुण मिळवले आणि त्यांच्या वहीतलं कासव जागचं हललं नाही. त्या चौघांनी पेपर्टचं नावही ऐकलेलं नाही. एका ठिपक्याची फट शोधून त्यांनी त्याचं काम पुरं केलं.

बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, उडी मारल्याशिवाय पोहायला येत नाही हे वसईतल्या कुठल्याही आजोबांना पटतं. त्याच आजोबांना नातवानं आधी कॉम्प्युटरची थिअरी पक्की करावी असं वाटतं. आकड्यांवर विश्वास असणाऱ्यांसाठी आकडाही आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची 'असर २०२३' ही पाहणी झाली. त्यात घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असणारी मुलं ९ टक्के निघाली. त्या घरांतल्या ८५ टक्के मुलांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. पारोळ-भाताणे बाजूच्या वारली पाड्यावरून येणारं पोर त्या दुसऱ्या गटातलं आहे. त्याच्या घरी कॉम्प्युटर येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्याचा हात लागेल असं मशीन एकच, शाळेतलं. त्याच्यापुढं कुलूप असेल तर ते कुलूप चोरांपासून काय वाचवतं ते वाचवो, त्या पोरापासून मात्र ते सगळं आयुष्य वाचवून ठेवतं.

पोरांच्या आणखी एका मूर्खपणाचं मला विशेष प्रेम आहे. ती यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. आठवीतली एक मुलगी आजीच्या तोंडचे शब्द टाइप करत होती. घर कादोडी बोलणारं, म्हणजे कुपारी ख्रिस्ती समाजाची सामवेदी बोली. बाईंनी सांगितलं होतं की घरातले जुने शब्द गोळा करून आणा. भाजीच्या वाडीतले, विहिरीवरचे, लग्नातले शब्द ती एकाखाली एक लिहीत होती आणि कॉम्प्युटर प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारत होता. शेजारचा मुलगा म्हणाला, "अगं, सगळंच चुकलंय तुझं." तिनं वर न बघता सांगितलं, "माझं नाही चुकलं. त्याला येत नाही." आणि पुढचा शब्द लिहिला. कुणी शहाणी मुलगी असती तर लाल रेघा जाईपर्यंत शब्द बदलत बसली असती, आणि आजीच्या यादीचं प्रमाण मराठीत श्राद्ध घातलं असतं. आता तर यंत्रं विचारलं तर निबंधही लिहून देतात, तेही इतक्या ठासून की मोठमोठ्यांना खरं वाटतं. अशा काळात 'त्याला येत नाही' असं म्हणू शकणारी मुलगी वर्गात असणं ही त्या शाळेची दौलत आहे.

चौघांनी एका मशीनवर बसणं ही गरिबी समजली जाते आणि एका मुलाला एक मशीन ही प्रगती. २६ जानेवारी १९९९ रोजी संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीच्या झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक कॉम्प्युटर बसवला आणि शिकवायला कुणाला ठेवलं नाही. पोरांनी घोळक्यानं येऊन तो आपला आपण वापरायला सुरुवात केली. पुढे असे कॉम्प्युटर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसले आणि पोरांचं शिकणं तिथंही तपासलं गेलं. त्या प्रयोगावर टीकाही भरपूर झाली. शिक्षकाची जागा भिंत घेऊ शकत नाही ही टीका मला मान्य आहे. पण घोळक्याबद्दल वाद नाही. एक जण करतो, दोघं सल्ले देतात, चौथा नुसता बघतो, आणि घरी जाताना वाटेत चौघांनाही ते आलेलं असतं. नालासोपाऱ्यातल्या गच्च भरलेल्या वर्गात एका बाकावर मराठी, गुजराती आणि भोजपुरी घरांतली पोरं असतात. एरवी भाषेवरून एकमेकांना चिडवणारी ही पोरं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सोडवताना भाषा विसरतात.

याच पोरांना यंत्राचा कंटाळाही फार लवकर येतो, आणि तोही मूर्खपणा म्हणून मोजला जातो. स्मार्ट बोर्डवर पानाच्या अन्ननिर्मितीचा चलचित्रधडा लागतो, अमराठी वळणाचा आवाज बोलू लागतो आणि पाचव्या मिनिटाला मागच्या बाकांवर फुल्लीगोळा सुरू होतो. शाळेच्या खिडकीबाहेर पानवेलीचे मांडव आहेत. पोरांचं मत असं की पान बाहेर आहे. या मताचा प्रत्यय एकदा सगळ्यांना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दीड वर्ष शाळा म्हणजे पडदा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, ग्रामीण भागात पाचवीपासून. ज्या पिढीबद्दल आपण म्हणत होतो की हिला मोबाइलशिवाय काही सुचत नाही, ती पिढी दप्तर घेऊन धावत सुटली. तिला तोंडावर मास्क लावून का होईना, पण शेजारी कुणीतरी बसायला हवं होतं.

जगातले शहाणे इथं लगेच पोरांना यंत्र देणं व्यर्थ असल्याचा पुरावा काढतात. एका मुलाला एक लॅपटॉप देण्याची मोठी मोहीम झाली. भारतात तिचं पाऊल पहिल्यांदा पडलं ते आपल्यापासून जवळच्या रायगड जिल्ह्यात, खैराटच्या धनगरवाड्यावर, २००७ साली. एकशिक्षकी शाळा, वीसेक पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. पोरांनी तो घरीही न्यावा हीच त्यामागची कल्पना होती. पुढे पेरूमध्ये हेच लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. तिथल्या ३१९ शाळांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. लगेच निकाल लागला, पैसे फुकट गेले. त्याच पाहणीत मुलांच्या एकूण विचारक्षमतेच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली होती, ती फारशी कुणी सांगत नाही. मला त्यातून एवढंच कळतं की यंत्र वाटणं सोपं आहे आणि शिकवणं अवघडच राहतं. शिक्षकाला वेळ, प्रशिक्षण आणि चुकण्याची मुभा दिली नाही तर पोरांच्या हातातलं यंत्र गुण वाढवत नाही. पण गुण वाढले नाहीत म्हणून हात काढून घ्यावा, हा न्याय आपण खेळाच्या मैदानाला लावत नाही, चित्रकलेच्या तासालाही लावत नाही.

दुःख याचं आहे की ही पोरं फार काळ मूर्ख राहत नाहीत. दहावीनंतर ती शहाणी होतात. अकरावीला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. लेखी परीक्षा ऑनलाइन, ८० गुणांची, प्रात्यक्षिक २० चं, आणि विषय गुण देणारा. मग घरोघर बैठक होते. "मराठी घेऊन काय मिळणार? आयटी घे, नव्वदच्या वर जाशील." मूलही मान डोलावतं. ज्यानं सातवीत रेघेतली फट शोधली होती, ते आता अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसतं आणि पर्याय पाठ करतं. बारावी झाली की पुन्हा कधी ते पुस्तक उघडत नाही. त्यानं मराठी सोडली ती कॉम्प्युटरच्या ओढीनं सोडली असती तर मी गप्प बसलो असतो. त्यानं दोन्ही सोडलं, आणि हाती राहिलं ते गुणपत्रक. या शहाणपणाबद्दल मी त्याला दोष देत नाही, ते आपण शिकवलेलं आहे.

मुलींना तर आपण त्याहून लवकर शहाणं करतो. खोलीत गेलात तर बघा, माऊस बहुतेक वेळा मुलग्याच्या हातात असतो आणि शेजारी बसलेली मुलगी वहीत पायऱ्या लिहून घेत असते. तिचं अक्षर छान, म्हणून लिहायचं काम तिचं. तिला कुणी नाही म्हणालेलं नसतं, फक्त 'नीट बस' हे तिनं मुलग्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेलं असतं. 'असर'च्या त्याच पाहणीत मुलग्यांच्या मानानं स्वतःचा फोन असणाऱ्या मुलींचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. फोन घरात भावाचा आणि माऊस शाळेत वर्गमित्राचा. बिघडवण्याची संधीच न मिळालेल्या मुलीला पुढं कॉलेजात सगळे विचारतात, "तुला भीती का वाटते गं?"

म्हणून वसईतल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना आणि माजी विद्यार्थी संघांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी नवीन मशीन घेऊ नका. आहेत त्यांची कव्हरं काढा. शाळा सुटल्यावर एक तास आणि मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी दोन तास खोली उघडी ठेवा. तिथं बसायला एखादी शिकवण्याची आवड असलेली बाई किंवा कॉलेजातला मुलगा नेमा, आणि त्यांना मानधन द्या. पोरांना काय करायचं ते पोरांना ठरवू द्या, अडली तर विचारतील. कीबोर्ड तुटतील, माऊस हरवतील, वर्षाला चार-सहा बदलावे लागतील असं धरून चाला. स्नेहसंमेलनाच्या ध्वनिक्षेपकावर एका संध्याकाळी आपण यापेक्षा जास्त उडवतो. चावी मुख्याध्यापकांच्या खणातून काढून नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे द्या आणि रजिस्टरवर त्यांची सही घ्या. आठवड्यातला एक दिवस फक्त मुलींचा असू द्या, आणि त्या दिवशी 'मी फक्त दाखवून देतो' म्हणत येणाऱ्या मुलग्याला दारातूनच परत पाठवा.